अब्बांची वही आणि अर्ध्या मेमरीची हद्द

अब्बाही मास्तरच होते. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. पानाच्या उजवीकडून उर्दू शब्द, डावीकडून त्याचा मराठी अर्थ. कागद आता पापडासारखा झालाय. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती स्कॅन करायला घेतली. पान पुन्हा काचेवर ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून एकदाच, पण ६०० डीपीआयवर, पूर्ण रंगात. ए-फोर काचेचं असं एक चित्र, न दाबता ठेवलं, तर शंभर एमबीच्या पुढे जातं.

संगणक जुना, ४ जीबी मेमरीचा, त्यावर लिनक्स. चित्रं आधी 'टीएमपी' फोल्डरमध्ये टाकत होतो, कारण तिथं फाइल चटकन लिहिली जाते. सोळावं पान उचलताना डावीकडचा कोपरा काचेवरच राहिला आणि बोट लागताच त्याचा भुगा झाला. वाईट वाटलं, पण म्हटलं, स्कॅन तर झालंय.

विसाव्या पानाला संदेश आला, जागा शिल्लक नाही. डिस्कवर २०० जीबी मोकळी होती! शोधल्यावर कळलं की हा फोल्डर डिस्कवर नाहीच, 'टीएमपीएफएस' नावाच्या व्यवस्थेनं तो मेमरीतच मांडलेला असतो आणि त्याला एकूण मेमरीच्या निम्म्याची हद्द असते. मला संतापच आला. माझी निम्मी मेमरी कुणाला विचारून अडवली? हद्द वाढवायला एक ओळीची आज्ञा पुरते, संगणक बंदही करावा लागत नाही. मी सरळ ४ जीबी केली.

एकोणतिसाव्या पानाला स्कॅनची खिडकी आपोआप नाहीशी झाली. मग ब्राउझर गेला. मग माऊसही हलेना. अर्धा तास वाट पाहून बटण दाबून बंद केला. मेमरीतलं सगळं विजेबरोबर जातं, हे मुलांना मी स्वतः शिकवतो.

पुण्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या भाच्याला फोन केला. तो आधी हसला, मग सोळाव्या पानाचं ऐकून गप्प झाला. "मामू, ती मेमरी कुणी अडवली नव्हती," तो म्हणाला. टीएमपीएफएस फाइलींना लागेल तेवढीच जागा घेतं, निम्मं ही फक्त वरची मर्यादा. मेमरी संपली की कर्नल एखादा चालू प्रोग्राम मारून त्याची जागा सोडवतो. पण फाइल म्हणजे चालू प्रोग्राम नव्हे. स्कॅनचा प्रोग्राम मेला तरी त्यानं लिहिलेली पानं मेमरीत तशीच बसून राहतात. कर्नल एकेकाला मारत सुटतो आणि हाती काही लागत नाही. स्वॅप असतं तर थोडी पानं तिकडं ढकलली गेली असती, माझ्याकडं तेही नव्हतं. 'रॅमएफएस' या साध्या भावंडाला तर हद्दच नसते आणि त्यातलं काही स्वॅपमध्येही जात नाही. टीएमपीएफएसमध्ये फाइलींच्या संख्येवरही बंधन असतं, कारण रिकाम्या फाइलीची नोंदसुद्धा कर्नलची मेमरी खाते.

एक तक्रार मात्र मी सोडणार नाही. "जागा नाही" एवढंच सांगणारा संदेश अपुरा आहे. कुठली जागा आणि कुणाच्या हद्दीमुळं, हे सांगितलं असतं तर मी फाइली डिस्कवर हलवल्या असत्या. फेडोरानं २०१३ साली आणि डेबियननं २०२५ साली टीएमपी मेमरीत नेलं, तेव्हा माझ्यासारखे आणखी फसणार.

आता या संगणकावर हद्द उलट १ जीबीवर आणलीय आणि स्कॅन थेट डिस्कवर जातं. सगळी पानं पुन्हा केली, सोळावंही. त्यावर तीन शब्दांची उर्दू बाजू आहे, मराठी बाजू कोपऱ्याबरोबर गेली. शब्दकोशातले अर्थ मला ठाऊक आहेत. पण अब्बा कोशातला अर्थ लिहीत नसत, आमच्या गावात जो शब्द बोलत तो लिहीत.