शेवटचा तांबट

आपल्या आसपासच्या माणसांवर पाचसात मिनिटांचे बोलपट तयार करावेत, असा एक छंद मला अलीकडे जडला आहे. पूर्वी असल्या उद्योगाला बुडवायला थोडेफार भांडवल तरी लागे. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रण केले, तेव्हा त्यांना कॅमेरा विलायतेहून मागवावा लागला होता. मला मात्र खिशात फोन टाकून कसब्यातल्या तांबट आळीपर्यंत चालत जाण्यापलीकडे कसलीही तसदी पडली नाही. कदाचित त्यामुळेच जे झाले ते झाले असावे.

पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही पुण्यातली वस्ती डोळ्यांना दिसण्यापूर्वी कानांवर येते. तांब्याचा पत्रा ठोकावा तसतसा कठीण होत जातो; मग तो भट्टीत लाल तापवून पाण्यात बुडवला, की पुन्हा मऊ पडतो. असे कितीदा तरी झाल्यावर अखेरीस मठारकाम येते. उजळलेल्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक ठोके घालायचे. पाहणाराला ती नुसती नक्षी वाटते; वस्तुतः त्या ठोक्यांनीच भांडे घट्ट होते.

ज्यांच्यावर मी चित्रपट केला, त्या गृहस्थांना मी काका म्हणू लागलो होतो. जन्मभराच्या ठोकाठोकीने त्यांचे कान निम्मे गेले आहेत. ठोका बरोबर पडला हे कळते कसे, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पत्रा हाताला बोलतो." हे वाक्य हाती लागताच मला घबाड सापडल्याचा आनंद झाला! तीन आठवडे मी आळीत जात राहिलो. चार तासांचे चित्रण जमले. त्याचे सात मिनिटांत कातरकाम केले. शेवटी सायंकाळच्या उन्हात काका एकटेच हातोडी खाली ठेवतात, आवाज थांबतो आणि पडद्यावर नाव उमटते : 'शेवटचा तांबट'. ते पाहताना मला स्वतःलाच गहिवरून आले.

चित्रपट मी काकांच्या घरीच दाखवला. काकू पदर सावरून बसल्या, शेजारची मुले दाटीवाटीने उभी राहिली. संपल्यावर काका थोडा वेळ गप्प होते.

"चांगलं झालंय, साहेब," ते म्हणाले. "पण मी शेवटचा कसा? हा कुठे गेला?"

'हा' म्हणजे त्यांचा पुतण्या. तो माझ्या मागेच उभा होता. त्या सायंकाळी तो भट्टीजवळ बसून फोनवर कुणाशी तरी दिव्यांच्या तांब्याच्या झाकणांचा भाव ठरवत होता. माझ्या चित्राचा रसभंग होतो म्हणून मीच त्याला बाजूला व्हायला सांगितले होते.

"गिऱ्हाइकानं हे पाहिलं," काका पुढे म्हणाले, "तर त्याला वाटेल आळी उठली. मग येईल कशाला?"

मला उत्तर सुचले नाही. 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ सालच्या चित्रपटात फ्लाहर्टीने बंदुका वापरणाऱ्या माणसांना भाल्याने शिकार करायला लावले, ही कथा मी मित्रमंडळींत मोठ्या आढ्यतेने सांगत असे. मी वेगळे काय केले होते? घरी स्टीलच्या पेल्यातून पाणी पिणाऱ्या आम्हा मंडळींना तांबट शेवटचाच असलेला बरा वाटतो. भांड्याला पैसे पडतात, हळहळीला पडत नाहीत.

मी चित्रपट पुन्हा जुळवला. आता तो नऊ मिनिटांचा आहे, त्यात भावाची घासाघीस आहे, आणि खरे सांगायचे तर पहिल्याइतका तो चटका लावीत नाही. नाव नुसते 'तांबट आळी' असे ठेवले आहे. तो दाखवायला गेलो, तेव्हा काकांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि त्याच्या पाठीला तळवा टेकवून पाहत राहिले.

"हं," मध्येच ते म्हणाले, "ठोके लागतायत." मग चित्र पुरते संपण्याआधीच त्यांनी फोन माझ्या हाती दिला आणि पुतण्याकडे वळून त्या झाकणांचे पैसे आले का, म्हणून विचारले.