संगणकातले जंगल आणि तोडीचा निर्णय

तोडीचा आराखडा मंजूर करणाऱ्या वनाधिकाऱ्याला त्याचा परिणाम सहसा पाहायला मिळत नाही, कारण झाडाचे आयुष्य त्याच्या सेवाकाळाहून कितीतरी मोठे असते. सिम्युलेशनची, म्हणजे वाढ, स्पर्धा आणि मृत्यू यांचे नियम संगणकाला देऊन वर्षामागून वर्ष हिशेब पुढे नेण्याची, गरज मुळात येथून निर्माण होते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातल्या हबर्ड ब्रूक येथील वनासाठी बॉटकिन, जॅनक आणि वॉलिस यांनी रचलेले आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'जाबोवा' हे प्रतिमान या परंपरेतील मूलभूत काम होय. त्यात १० मीटर लांब-रुंद तुकड्यातील प्रत्येक झाडाची जाडी दरवर्षी किती वाढेल, हे उंच झाडांची सावली, हंगामातील उष्णता आणि जमिनीतील ओलावा यांवरून काढले जाते. कोणते झाड मरेल आणि कोणते रोप रुजेल, यांत मात्र यदृच्छेला जागा ठेवलेली असते. त्यामुळे एकाच आरंभापासून निघालेले दोन प्रयोग एकाच जंगलापाशी पोहोचत नाहीत, आणि त्यांची सरासरी पाहण्यापेक्षा त्यांतील तफावत वाचणे अधिक मोलाचे ठरते, कारण निर्णय ज्या तुकड्यावर राबवला जातो तो सरासरी तुकडा नसतो.

सरसकट तोडीनंतर पिन चेरी प्रथम उसळून येते, कारण तिचे बी मातीत अनेक दशके सुप्त राहू शकते. पुढे पिवळा बर्च आणि अखेर सावली सोसणारे शुगर मेपल व बीच जागा घेतात. हा क्रम प्रतिमानात उमटला की विश्वास वाढतो, आणि नेमके तेथेच सावध राहावे लागते. बीचच्या सालीवर खवले कीटक आणि बुरशी मिळून जो रोग आणतात, त्याचे समीकरण प्रतिमानात नसेल, तर पडद्यावरचा बीच निरोगीच राहणार.

हबर्ड ब्रूकमध्येच १९६५ च्या अखेरीस एका पाणलोटातील सर्व झाडे तोडली गेली आणि तणनाशकाने नवी वाढ रोखून धरली, तेव्हा ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण झपाट्याने वाढले. खोडाची जाडी मोजणाऱ्या प्रतिमानाला पाण्याविषयी काही सांगता येत नाही. म्हणून जाबोवाच्याच पायावर मातीतील नत्राचा हिशेब ठेवणारी प्रतिमाने पुढे रचली गेली, आणि केवळ खोड न्यावे की फांद्या-पानांसह सारे झाड, तसेच दोन तोडींत किती वर्षांचे अंतर ठेवावे, हे पर्याय त्यांत शेजारीशेजारी ठेवून तपासता येऊ लागले.