आसूदच्या उतारावरील धडा

दापोलीहून हर्णैस सायकलीने जावयाचे म्हणजे आसूदचा उतार आलाच. खाली पोफळींच्या बागा दिसू लागताच आम्ही भरधाव सुटलो. आणि नेमके शेवटच्या गड्याचे चाक पंक्चर झाले. पंप, पान्हे, ठिगळे, सोल्यूशन सारे पुढे गेलेल्याच्या पाठीवर! तो चढ चढून परतेतो ऊन डोक्यावर आले. समुद्रातील सुवर्णदुर्ग दृष्टीस पडावयास दोन प्रहर टळले.

तेव्हापासून आमचा नियम असा : जड पान्हे बैठकीखालील पिशवीत, म्हणजे पाठ भरून येत नाही, पंप दांड्यास बांधलेला, राखीव ट्यूब घासून भोक पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळलेली. आणि हे सारे सर्वांच्या मागून येणाऱ्याकडे. वाटेत कोणीही अडो, तो त्याच्यापाशी पोहोचतोच. घरी शेवटच्या पंगतीसाठी अन्न राखतात, तीच रीत वाटेवरही पाळावी.