जवसाच्या तेलाचा वास

पौषाच्या सुमारास आमच्या वर्ध्याकडे कुठे कुठे एखादा पट्टा जवसाच्या फुलांनी निळा होऊन जातो. त्या फुलांना वास असा नसतोच. वास असतो तेलाला. जड, किंचित कडवट, जुन्या लाकडी कपाटासारखा. तो नाकात शिरला की इतरांना चटणी आठवत असेल, मला फुटबॉल आठवतो. चामड्याचा, तपकिरी, पोटाशी फीत आवळलेला दादाचा फुटबॉल.

शनिवारी संध्याकाळी दादा ओसरीवर बसायचा आणि बॉल माझ्या मांडीवर द्यायचा. मी धरायचा, त्यानं तेल लावायचं. जुन्या धोतराच्या चिंधीवर चार थेंब घ्यायचे आणि एकेका शिवणीतून बोट फिरवत जायचं, जिथे दोरा विटला असेल तिथे थांबायचं, आरीनं एक टाका घालायचा, पुन्हा तेल. तेल नसलं तर चामडं पाणी पितं, आणि आमच्या काळ्या मातीत पाणी प्यालेला बॉल म्हणजे धोंडाच. फीत सोडून आतलं ब्लॅडर चाचपायचं, सायकलच्या पंपानं हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्यानं बांधायची, फीत पुन्हा ओवायची. मग तो बॉल नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा. झालं.

माझा फ्रॉक आठवडाभर त्या वासाचा असे. मला खेळायला कोणी बोलावलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

मैदान कसलं, कापूस निघून गेल्यावर मोकळं पडलेलं एक वावर. पऱ्हाटीची खुंटं उपटून पोरांनीच ते सपाट केलेलं, गोलपोस्ट म्हणून सुबाभळीचे दोन वासे. ऊन कलतं झालं की बॉलचा धप्प, धप्प आवाज गावात यायचा. त्याच वेळी तिकडे सेवाग्रामला, बापूंनी लावलेल्या पिंपळाजवळच्या अंगणात, संध्याकाळच्या प्रार्थनेला लोक गोळा होत असतील. आमच्या घराला तो धप्प आवाजच दिवेलागणीची खूण झाला होता. तो थांबला की आई कंदिलाची काच पुसायला घ्यायची.

बॉल मात्र घरात यायचा नाही. ओसरीपर्यंतच. आजी ओरडायची, “काहून रे बाप्पा, चामडं घेऊन देवापाशी फिरतं?” बाबा गालात हसून म्हणायचे, “माय, आपल्या बुढ्याच्या वहाणा विसरली का तू?” आजोबांच्या वहाणा नालवाडीच्या चर्मालयातल्या होत्या, तिथे आपोआप मेलेल्या जनावरांचंच कातडं कमावलं जाई. आजीचं त्यानं समाधान होत नसे. वहाणाही ती ओसरीवरच ठेवायला लावायची.

फक्त दसऱ्याला तिचं काही चालायचं नाही. विळा, पावशी, बाबांची सायकल, माझी पाटी यांच्या रांगेत पाटावर तो बॉल बसायचा. आई त्याला हळद-कुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. दुसऱ्या दिवशी दादाला पहिला हेडर मिळाला की फितीच्या बाजूचं कुंकू त्याच्या कपाळावर उमटायचं. तसाच घरी यायचा, घामाघूम, कपाळाला वेडावाकडा टिळा. आई पदरानं पुसायची नाही. राहू दे म्हणायची.

पुढे तो मुंबईला गेला. एका कंपनीच्या संघातून काही वर्षं पगारावर खेळला. ट्रंकेत जवसाच्या तेलाची बाटली होती. खोलीतल्या पोरांनी वासावरून त्याची फार थट्टा केली म्हणे. मग चामड्याचे बॉलच गेले. 1986च्या मेक्सिकोतल्या वर्ल्ड कपला पहिल्यांदा पूर्ण कृत्रिम बॉल आला, पाण्याला न जुमानणारा, आणि बघता बघता आपल्याकडेही तेच आले. “चांगले होते ते,” दादा म्हणतो, “पण वास घेतला तर आत घरचं काहीच नसायचं.” आईनं त्याचा एकही सामना पाहिला नाही. मुंबईचा रविवारचा सामना संपायची वेळ तिला ठाऊक असे, तेवढा वेळ ती चूल पेटवायची नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

गुडघा गेला आणि तो परत आला. त्यावर तो फारसं बोलत नाही, मीही बोलणार नाही.

बापूंनी दक्षिण आफ्रिकेत असताना फुटबॉलच्या संघांना हात दिला होता, त्यांचं नाव पॅसिव्ह रेझिस्टर्स, हे वाचलं त्या दिवशी मी धावत त्याला सांगायला गेले. तो कितीतरी वेळ हसला. “म्हणजे आजीला सांगायला हवं होतं!” मी विचारलं, मैदानात उतरताना जमिनीला हात लावून कपाळाला लावायचास, तेव्हा काय मागायचास रे? “काही नाही गं. मागायला वेळच कुठं असतो? तेवढ्यात शिट्टी होते.”

9 ऑक्टोबर 2017. दसरा होऊन नऊ दिवस झाले होते. दिल्लीत सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारत कोलंबियाशी खेळत होता. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा. मणिपूरचा जिक्सन सिंग होता, त्याची आई इंफाळच्या बाजारात भाजी विकायची. दादा प्रत्येकाचं घरदार मला सांगत होता, जणू शेजारपाजारचीच पोरं. एका गोलनं आपण मागे होतो. 82व्या मिनिटाला कॉर्नर आला, जिक्सन उंच उडाला आणि त्यानं डोक्यानं बॉल आत घातला. वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, कुठल्याही वयोगटातला. सगळी आळी ओरडली.

दादा ओरडला नाही. त्याचा हात आपसूक कपाळाकडे गेला होता.

पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं पुन्हा गोल केला. मी हळहळले, त्याच्याकडे वळले. त्याचं लक्षच नव्हतं. कपाळावरून खाली आणलेली बोटं तो टीव्हीच्या उजेडात उलटसुलट करून बघत होता.