कामगाराच्या मुखाचे कवच

मोपा येथील विमानतळाचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले. आमच्या पेडणे तालुक्यातील त्या पठारावर आता रात्री दिव्यांचा झगमगाट असतो. परंतु दिवे विमानतळावरील असोत वा घरातील, ते तेवत ठेवणारा कामगार मोठी जोखीम पत्करीत असतो.

तारांमधील हवेतून वीज उसळली, तर स्पर्शावाचूनही माणूस होरपळतो. त्या ज्वाळेचे तापमान १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. सूर्यपृष्ठाचे सुमारे ५,५०० अंश! म्हणून न पेटणाऱ्या कापडाचे शिरस्त्राण आणि त्यास जोडलेली पारदर्शक ढाल मुखावर हवीच. तथापि आधी प्रवाह बंद करून तशी खात्री करून घेणे, हेच पहिले कवच होय. त्यास वेळ लागतो. पावसाळी रात्री अंधारात आपण धीर धरला, तर कोणा मुलाचे वडील हसतमुखाने घरी परततील.