शुक्रवारचे हैदराबाद

सुट्टी लागली की प्राध्यापकाला वाराचे भान राहत नाही, असे आमची ही नेहमी म्हणते. गेल्या मे महिन्यात तिचे म्हणणे मी भर हैदराबादेत खरे करून दाखवले.

बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या सडकेवरचे चौसाळा हे आमचे गाव. माझे वडील, अण्णा, आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या लहानपणी आमचा मुलूख हैदराबाद राज्यात होता. आजोबांचा जमिनीचा दावा तिथल्या हायकोर्टात चालू होता. तारखेहून परतले, की ते सालारजंग म्युझियममधल्या घड्याळाची गोष्ट सांगत. एक दाढीवाला चिमुकला माणूस त्यातून बाहेर येतो, तासाचे टोले देतो आणि मुकाट्याने आत जातो! “पुढच्या खेपेला तुला नेतो,” असे त्यांनी अण्णांना कबूल केले होते. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, दाव्याचे कागद मुंबईकडे गेले आणि ती पुढची खेप कधी झालीच नाही.

ती आपण करावी म्हणून मी सोलापूरहून रात्रीच्या गाडीची तिकिटे काढली. सकाळी हैदराबादेत उतरलो. अण्णांनी ठेवणीतले धोतर नेसले होते. रिक्षातून म्युझियमपाशी आलो, तर फाटक बंद!

“आज जुम्मा है, साब,” पहारेकरी म्हणाला.

म्युझियम दर शुक्रवारी बंद असते. मग चौमहल्ला राजवाडा गाठला. त्याचीही सुट्टी शुक्रवारचीच. मक्का मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी होऊ लागलेली. उरला १५९१ सालचा चारमिनार. पण त्याच्या पायऱ्या अण्णांच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. परतीची गाडी त्याच रात्रीची. हिने माझ्याकडे एकदाच पाहिले. बोलली काहीच नाही. ते अधिक लागले.

परतताना मुसी नदीवरच्या नया पुलाजवळ अण्णांनी रिक्षा थांबवायला लावली. समोर घुमटांची, तांबूस दगडांची भव्य इमारत उभी होती.

“हे काय रं?”

“हायकोर्ट, अण्णा. १९२० पासून इथंच आहे.”

अण्णा खाली उतरले. त्यांनी टोपी काढली आणि त्या रणरणत्या उन्हात किती तरी वेळ ते तसेच उभे राहिले.

“बा इथवर येत होता व्हय,” ते हळूच म्हणाले. “मला वाटायचं, घड्याळ बघायला जातो. चार एकरांसाठी येत होता बिचारा. आम्हांला कळू दिलं नाही.”

त्याच चार एकरांवर अण्णांचा संसार झाला आणि माझे एम. ए. झाले. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

चौसाळ्याला पोचलो, तर नातू ओट्यावर वाटच पाहत होता. “आजोबा, घड्याळ पाहिलं?”

अण्णांनी त्याला जवळ घेतले. तो दाढीवाला माणूस कसा येतो, कसे टोले देतो, कसा मुकाट्याने आत जातो, सारे त्यांनी हातवारे करून सांगितले. वर म्हणाले, “पुढच्या खेपेला तुला नेतो.”

मी मुकाट्याने आत जाऊन पंचांग काढले. पुढची खेप शनिवारची ठरली आहे.