अंड्यातले पिल्लू

पालकसभेत मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की आम्हां उभयतांना एक अंडे आठवते.

१९९८ च्या दिवाळीत मंगळबाजारातून लेकीला ते घेऊन दिले होते. अंड्याच्या आकाराचे, साखळीला लटकणारे, तीन बटणांचे खेळणे. इवल्याशा पडद्यावर ठिपक्यांचे पिल्लू. भूक लागली की ते ‘पीप पीप’ करी. त्याला भरवायचे, खेळवायचे, त्याची घाणसुद्धा काढायची; हयगय झाली की पिल्लू मेले! जपानच्या बंदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘तामागोची’ बाजारात आणले, त्याची ही स्वस्त नक्कल. ‘तामागो’ म्हणजे अंडे. त्याचे जनक अकिहिरो योकोई आणि अकी माइता यांना १९९७ साली ‘इग नोबेल’ हे गमतीचे पारितोषिक मिळाले, तेही अर्थशास्त्राचे: लोकांचे कामाचे लाखो तास असल्या पिल्लांच्या संगोपनात घालवल्याबद्दल. आमच्या घरचे तास त्यानंतरचे.

शाळेत खेळणी न्यायची नाहीत, म्हणून दिवसभर पिल्लू आजींच्या स्वाधीन. दांडियाबाजारातल्या घराच्या ओट्यावर आजी चष्मा लावून बसत, साखळी पदराला बांधलेली. कोणते बटण कशाचे, हे लेकीने चिठ्ठीवर लिहून दिले होते. तरी कधी आम्हांला ऑफिसात फोन येई, “अरे, याने खाल्लं, पण झोपत नाही!”

एके दुपारी आजींचा डोळा लागला. लेक शाळेतून आली तर पडद्यावर पिल्लू नाही. ती आजींना नाही नाही ते बोलली. “चुकलंच माझं,” एवढेच म्हणून आजी न जेवता निजल्या. रात्री पांघरूण घालताना हात लागला, तर अंग तापलेले. दोन दिवस ताप होता म्हणे. पिल्लाच्या एका ‘पीप’ला सगळे घर धावत होते आणि आजींचा ताप आम्हांला कळला नव्हता. लहान मुलीला काय बोलणार? आम्ही तरी कुठे विचारले होते?

राग मात्र खेळण्यावर निघाला. ते कपाटात गेले.

ताप उतरल्यावर आजीच म्हणाल्या, “ते काढून द्या तिला. त्याच्या निमित्तानं ती आल्याबरोबर माझ्यापाशी बसायची. तीन दिवस झाले, सरळ आत जाते.”

काढून पाहिले तर सेल संपलेले. त्याच संध्याकाळी मांडवीतून नवे आणले. घरी आलो तेव्हा लेक आजींच्या मांडीला टेकून बसली होती, दोघी आमचीच वाट पाहत होत्या.